हजार सीडींआधीची एक सीडी

गणपतीत विकायची सीडी कारखान्यात जाते ती आषाढ-श्रावणात, म्हणजे महाड-पोलादपूरकडे पावसाने जोर धरलेला असताना. जाखडीचा हंगाम गौरी-गणपतीशी बांधलेला, त्यामुळे यातून सुटका नाही. बारीचं रेकॉर्डिंग उन्हाळ्यात यात्रेला झालेलं असतं, मिक्सिंग रेंगाळतं, मुंबईकर मंडळाची वर्गणी उशिरा जमते आणि शेवटी मास्टर डिस्क कोणा चाकरमान्याच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याशेजारी, मुंबईच्या एसटीत बसते. भजनी मंडळं, खालूबाजाची पथकं, २० मार्चला चवदार तळ्यावर भीमगीतांची सीडी आणू पाहणारे गायक, रायगडावरच्या शिवराज्याभिषेक सोहळ्यासाठी पोवाडे ध्वनिमुद्रित करणारे शाहीर, या सगळ्यांची वाट थोड्याफार फरकाने हीच. ती एक डिस्क पाठवण्याआधी कशी तपासायची आणि धडपणे कशी पोचवायची, एवढाच या लेखाचा विषय.

आधी खर्चाचा विचार करू. सीडी दोन प्रकारे निघते. कोऱ्या डिस्कवर संगणकाने एकेक प्रत जाळायची, हा एक प्रकार. दुसऱ्यात कारखाना तुमच्या मास्टरवरून लेसरने काचेची तबकडी कोरतो, तिच्यावरून निकेलचा ठसा काढतो आणि त्या ठशावर वितळलेलं पॉलिकार्बोनेट दाबून हव्या तेवढ्या प्रती पाडतो. मग ॲल्युमिनियमचा मुलामा, लॅकरचा थर आणि छपाई. याला रेप्लिकेशन म्हणतात. ठशाचा खर्च एकदाच होतो, म्हणून कारखाने सहसा पाचशे-हजाराच्या खाली हात घालत नाहीत. मंडळाला शंभर-दीडशे प्रतीच हव्या असतील तर या वाटेला जाऊच नका. चांगल्या कोऱ्या डिस्क आणा आणि जाळा. ‘आता सीडी ऐकतं कोण?’ हा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीत कोणीतरी विचारणारच, आणि तो रास्त आहे. उत्तर मंडळानेच द्यायचं. देवळातल्या ॲम्प्लिफायरला जोडलेला प्लेअर, जुन्या गाड्या, वर्धापनदिनाला हातात द्यायची वस्तू, अशी कारणं खरी असली तर काढा. ‘दुसऱ्या मंडळाने काढली’ एवढंच असेल तर पैसे नव्या मृदंगाला लावा.

काढायची ठरली की एक गोष्ट मनाशी पक्की करा. कारखाना तुमचं गाणं ऐकत नाही. तो खुणा मोजतो, त्रुटी मोजतो, पण तिसऱ्या गवळणीत माइक ओरडला आहे हे त्याला कळत नाही आणि कळलं तरी ते त्याचं काम नाही. पेणच्या कारखान्यात साच्यातच गणपतीचं नाक वाकडं निघालं तर पुढच्या सगळ्या मूर्ती तशाच निघतात, तसं हे आहे. चूक दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत अशी शेवटची जागा म्हणजे मास्टर. त्यामुळे ऐकायचं ते मिक्सिंगवाल्याच्या संगणकावरचं नव्हे, की मोबाइलवर आलेलं नव्हे. जी डिस्क पाठवणार, तीच डिस्क, पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत.

ऐकायला बसवा तो माणूस रेकॉर्डिंगला हजर नसलेला असावा. जो हजर होता त्याच्या कानात प्रत्यक्ष बारी वाजत असते, डिस्कवरचं तो ऐकतच नाही. हातात शब्दांची वही, कानाला बंद हेडफोन, समोर वेळ दाखवणारा प्लेअर. खटका, खरखर, तुटलेला शब्द, जे खटकेल त्याची वेळ लिहायची, थांबायचं नाही. यात्रेतल्या रेकॉर्डिंगचे ठरलेले शत्रू आहेत: वीज जाऊन जनरेटर सुरू झाला की खाली येणारी घरघर, माइकजवळच्या मोबाइलची टरटर, वारा, आणि टाळ्या कापताना सोबत कापला गेलेला झांजेचा शेवट. दुसऱ्या वेळी शब्द सोडून फक्त आवाजाच्या पातळीकडे लक्ष द्या. मृदंगाची थाप फुटते का ते पाहा. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नसतं. तिथे पोचलेली थाप सपाट कापली जाते आणि ती पुन्हा गोल होत नाही. शिखर शून्यापेक्षा थोडं खाली, उणे ०.३ डेसिबलपर्यंत ठेवलं की पुरे. ‘आमची सीडी दुसऱ्या पार्टीपेक्षा मोठी वाजली पाहिजे’ हा आग्रह शाहिरांचा लाडका आहे, आणि त्याच आग्रहापायी मृदंगाचा जीव जातो. मोठं वाजवायला ॲम्प्लिफायरला बटण असतं.

मग तीच डिस्क भोंग्यावर वाजवून पाहा. हे मी थट्टेने सांगत नाही. आपल्याकडे ती शेवटी देवळाच्या भोंग्यावरच वाजणार, आणि भोंगा डावा-उजवा दोन्ही चॅनेल एकत्र करतो. एखाद्या केबलची जोडणी उलटी झाली असेल तर हेडफोनमध्ये गायक उत्तम ऐकू येतो, पण भोंग्यावर जवळजवळ नाहीसा होतो आणि नुसता कोरस उरतो. ही चूक स्टुडिओतसुद्धा सुटते, कारण तिथे भोंगा नसतो.

आता थोडं आकड्यांचं. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या नियमांप्रमाणे ऑडिओ सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन चॅनेल असतात. व्हिडिओ कॅमेऱ्यावरून घेतलेला आवाज मात्र बहुधा ४८,००० नमुन्यांचा असतो. त्याचं नीट रूपांतर न करता तो नुसता ४४,१०० म्हणून वाजवला तर सगळं सुमारे आठ टक्क्यांनी मंदावतं. पाच मिनिटांचं गाणं पाच मिनिटं सत्तावीस सेकंदांचं होतं, आणि काळी दोनमध्ये गायलेलं काळी एक आणि पांढरी दोन यांच्यामध्ये कुठेतरी पेटीला न सापडणाऱ्या जागी उतरतं. ऐकणाऱ्याला वाटतं बुवांचा आवाज बसला आहे. म्हणून पेटी घेऊन बसा आणि प्रत्येक गाण्याची पट्टी तपासा. यापेक्षा स्वस्त चाचणी नाही.

लांबीचीही मर्यादा आहे. ७४ मिनिटांच्या आत बसवलंत तर कोणताही कारखाना हरकत घेणार नाही. ७८ च्या पुढे जायचं असेल तर आधी विचारा. रात्रभर चाललेली बारी एका डिस्कवर मावणार नाही हे उघडच आहे. गण, गवळण, सवाल-जवाब यांची निवड करा किंवा दोन डिस्कचा संच काढा. सगळं कोंबायला म्हणून चाल पळवू नका.

गाण्यांच्या सीमारेषा, म्हणजे ट्रॅक कुठे सुरू होतो, ही जिवंत बारीतली अवघड जागा. सीडी एका सेकंदाचे ७५ भाग करते, त्यांना फ्रेम म्हणतात, आणि एका फ्रेममध्ये ५८८ नमुने येतात. सलग रेकॉर्डिंगचे तुकडे करताना फाइलची लांबी या मापात बसली नाही, तर उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि टाळ्यांच्या मधोमध ‘टक्’ ऐकू येतं. तुकडे फ्रेमच्या रेषेवर करा; चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. दुसरी गोष्ट, खूण गाण्याच्या पहिल्या सुरावर ठेवू नका, दहाएक फ्रेम आधी ठेवा. काही प्लेअर आवाज उघडायला किंचित वेळ घेतात, आणि ‘गणराया’तला ‘ग’ खातात.

डिस्क जाळताना सॉफ्टवेअरमध्ये ‘डिस्क ॲट वन्स’ निवडायचं. दुसरा पर्याय, ‘ट्रॅक ॲट वन्स’, प्रत्येक गाण्यानंतर लेसर बंद करून पुन्हा सुरू करतो. त्या जोडाच्या जागा कारखान्याचं यंत्र त्रुटी म्हणून पकडतं आणि मास्टर परत येतो. वेग मधला ठेवा, आठपट ते सोळापट. ‘जितकी हळू तितकी चांगली’ ही समजूत जुन्या डिस्कच्या काळातली आहे. आजच्या कोऱ्या डिस्क अगदी कमी वेगासाठी बनवलेल्याच नसतात. डिस्क नामांकित कंपनीची, नवी, बोटं न लागलेली हवी. संगणकावर त्या वेळी दुसरं काही चालू ठेवू नका.

डोळ्याला स्वच्छ दिसणारी आणि कानाला ठीक वाटणारी डिस्कही आतून कच्ची असू शकते, कारण प्लेअर चुका दुरुस्त करत पुढे जातो. नियमाप्रमाणे सेकंदाला सरासरी २२० पर्यंत त्रुटी-खंड चालतात, पण मास्टरसाठी हा आकडा फार मोठा आहे. चांगल्या डिस्कवर तो त्याच्या कितीतरी खाली असतो, आणि दुरुस्त न होणारी चूक मात्र एकही चालत नाही. हे मोजायला नीरोचं डिस्कस्पीड किंवा प्लेक्सटूल्स अशी साधनं आहेत, पण ती प्रत्येक ड्राइव्हवर चालत नाहीत. चालत नसतील तर वेगळा उपाय करा. डिस्क दुसऱ्याच्या संगणकात घाला, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीने तिच्यावरचा आवाज परत काढा आणि मूळ फाइलशी ताडून पाहा. जिने जाळली त्याच ड्राइव्हवर वाचून समाधान मानू नका. स्वतःचं अक्षर सगळ्यांनाच वाचता येतं.

सीडीऐवजी डीडीपी पाठवता येत असेल तर तेच उत्तम. डीडीपी म्हणजे फायलींचा एक संच: आवाज, ट्रॅकच्या वेळा आणि डिस्कची माहिती वेगवेगळ्या फायलींत, सोबत एमडी५ हा पडताळणीचा आकडा. एक अक्षर जरी वाटेत बदललं तरी तो आकडा जुळत नाही, आणि कारखान्याला लगेच कळतं. एका तासाचा आवाज सुमारे ६३५ एमबी होतो. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून एवढं चढवणं म्हणजे रात्र घालवणं. महाडला किंवा मुंबईतल्या नातेवाइकाकडे पेनड्राइव्ह पाठवून तिथून चढवा. फक्त झिप करून पाठवा आणि पडताळणीचा आकडा वेगळ्या निरोपाने कळवा. व्हॉट्सॲपवर गाणं म्हणून पाठवलेली फाइल मास्टर नव्हे. तिच्यातला अर्धाअधिक तपशील वाटेतच गाळलेला असतो. एमपी३ परत वेव्ह केली तरी गेलेलं परत येत नाही.

डीडीपी असो वा डिस्क, सोबत एक कागद जातो: प्रत्येक ट्रॅकची सुरुवात मिनिट, सेकंद, फ्रेममध्ये, लांबी, एकूण वेळ, आणि असल्यास प्रत्येक गाण्याचा बारा अक्षरी आयएसआरसी क्रमांक. इथे देवनागरीचा एक खोडा आहे. प्लेअरच्या पडद्यावर नाव दाखवणारी सीडी-टेक्स्टची सोय देवनागरी जाणत नाही. नावं रोमन लिपीत द्या किंवा ती जागा रिकामी सोडा. मराठी नावं टाकलीत तर पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग उमटेल. मुखपृष्ठाचंही तसंच. महाडच्या डीटीपीवाल्याकडे श्री-लिपीत सुंदर बसलेलं ‘शक्ती-तुरा’ कारखान्याच्या संगणकावर तो फाँट नसल्यामुळे भलतंच काही होतं. फाइल पाठवण्याआधी अक्षरं कर्व्ह करून घ्या, सोबत पीडीएफ द्या आणि तिची छापील प्रत कोणा शिक्षकाकडून एकदा वाचून घ्या.

छापील मजकुरात कायद्याचाही वाटा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ अ प्रमाणे ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचं वर्ष सीडीवर आणि वेष्टनावर द्यावं लागतं. कारखाना याशिवाय हक्काचं पत्र मागतो, आणि ते मागायलाच हवं. आपल्याकडे यात खरी गुंतागुंत शक्ती-तुऱ्याच्या बारीची आहे. बारीत दोन पार्ट्या, दोन शाहीर. सवाल एकाचा, जवाब दुसऱ्याचा. रेकॉर्डिंग तुरेवाल्यांच्या मंडळाने केलं म्हणून शक्तीवाल्या शाहिराचे शब्द त्यांच्या मालकीचे होत नाहीत. बारी संपल्यावर दोघं एकत्र चहा पितात त्याच वेळी साध्या कागदावर दोघांची लेखी संमती घेऊन ठेवा. सहा महिन्यांनी, सीडी गाजली की, तीच सही महाग पडते. संतांचे अभंग कोणीही गावेत, पण एखाद्या आजच्या संगीतकाराची चाल घेतली असेल तर तिचा हक्क वेगळा. भीमगीतांत तर हमखास चूक होते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क टिकतो. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, म्हणजे त्यांची गाणी ‘समाजाची’ आहेत हे भावनेने कितीही खरं असलं तरी सीडीसाठी परवानगी लागतेच.

आता प्रवास. मास्टर कधीही एकुलता एक नसावा. एकाच फायलींवरून दोन डिस्क जाळा, दोन्ही तपासा, ‘अ’ आणि ‘ब’ अशा खुणा करा. ‘अ’ पाठवा, ‘ब’ घरी राहू द्या. कारखाना दोन मागत असेल तर तिसरी करा आणि दोन्ही एका पार्सलात घालू नका. मूळ फायली हार्ड डिस्कवर, आणि ती हार्ड डिस्क महाडच्या बाजारपेठेत तळमजल्यावर नको. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री-गांधारीचं पाणी बाजारपेठेत कुठवर चढलं हे महाडकरांना सांगायला नको. एक प्रत मुंबईच्या घरी किंवा निदान वरच्या मजल्यावर ठेवा. पुराच्या चिखलात गेलेली डिस्क हाती लागलीच तर पुसू नका. स्वच्छ पाण्याखाली धरून चिखल वाहू द्या, मग मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत टिपा. गोल फिरवून पुसलं तर ओरखडा मार्गाच्या दिशेनेच जातो, आणि तो सर्वांत वाईट.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका. तिचा तोल जातो. लिहायचं ते मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मार्करने: नाव, ‘मास्टर अ’, तारीख. आवाजाचा थर खालच्या बाजूला नसून छपाईच्या बाजूला, लॅकरच्या पातळ कवचाखाली असतो, म्हणून बॉलपेनचा दाब वरूनच घात करतो. डिस्क कडक डबीत घालायची, कागदी पाकिटात नाही. डबी झिपच्या पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी. त्याभोवती बबल रॅप, आणि हे सगळं डबीपेक्षा ऐसपैस अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात, चारही बाजूंनी वर्तमानपत्राचे बोळे घालून. खोकं हलवल्यावर आतून आवाज येता कामा नये. बाहेरून पुन्हा प्लास्टिक आणि सर्व शिवणींवर टेप. नुसत्या बबल पाकिटात घातलेली सीडी टपालाच्या शिक्क्याखालीही तडकते. आत पत्त्याची एक चिठ्ठी टाका; पावसात बाहेरचा पत्ता पुसला जातो.

स्पीड पोस्ट, कुरिअर, एसटीचं पार्सल किंवा ओळखीचा माणूस, यांत मी पावती आणि माग काढता येणारा क्रमांक असलेलं काहीही निवडेन. ओळखीचा माणूस प्रेमाने नेतो आणि प्रेमानेच गाडीच्या डॅशबोर्डवर विसरतो. जाळलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्य असतं, ऊन तिला पुराइतकंच मारक. पुण्याला पाठवायचं असेल तर पावसाळ्यात वरंध घाटाच्या भरवशावर दिवस मोजू नका, आणि आंबेनळीत दरड आली की महाबळेश्वरकडची वाटही थांबते. मुंबईच्या दिशेला महामार्ग आहे, वीरला कोकण रेल्वे आहे. तरीही चार दिवस हातचे धरा. विक्रीच्या तारखेपासून मागे मोजत या: गावात पोचायला आठवडा, कारखान्याला तीन आठवडे, मास्टर नाकारला तर पुन्हा पाठवायला दहा दिवस. २० मार्चसाठी जानेवारी संपायच्या आत मास्टर निघायला हवा. गणपतीसाठी मृग लागायच्या आत निघाला तर या लेखातला पावसाचा अर्धा भाग तुम्हाला वाचायचीही गरज नाही.

पोचल्याचं कळलं की कारखान्याकडून नमुन्याची डिस्क मागा आणि तीही पहिल्यासारखीच पूर्ण ऐका. लेखी होकार द्यायचा तो त्यानंतर. खोकी आली की वरची नव्हे, मधली-खालची एकेक सीडी काढून वाजवा. एक बारकावा इथेच तपासून घ्या: दाबून काढलेल्या सीडीची खालची बाजू चंदेरी असते, आणि आतल्या कड्यावर आयएफपीआय अशी अक्षरं व सांकेतिक क्रमांक कोरलेला सापडतो. खालची बाजू हिरवट किंवा निळसर दिसली तर तुम्हाला रेप्लिकेशनच्या पैशात जाळलेल्या डिस्क मिळाल्या आहेत. शेवटचा हप्ता थांबवा. सगळं ठीक असेल तर निकेलचा ठसा किती महिने जपून ठेवणार ते कारखान्याकडून लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी पाचशे प्रती आणखी लागल्या तर नवा मास्टर धाडावा लागणार नाही. आणि ‘अ’ डिस्क परत मागायला विसरू नका.